‘कॅमेरा कुठं होता?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

कोल्हापूरच्या, ऑगस्ट 2024 मध्ये आगीत जळालेल्या केशवराव भोसले नाट्यगृहावर मी केलेला माहितीपट गेल्या आठवड्यात इथं टाकला. बऱ्याच जणांनी आपुलकीनं लिहिलं, त्यांचे मनापासून आभार. एक प्रतिक्रिया मात्र तीन दिवस डोक्यातून जात नाहीय. ‘पेठेतला प्रेक्षक’ या नावानं ती आली आहे. खाली चार ओळी खरडून भागणार नाही म्हणून वेगळं लिहितेय. ज्यांच्या नजरेतून सुटली असेल त्यांच्यासाठी ती जशीच्या तशी देते:

‘ताई, माहितीपट पूर्ण बघितला. आग लागेपर्यंत तुमचा कॅमेरा कुठं होता? जळाल्यावर सगळ्यांनाच प्रेम येतं. सुरुवातीला दोन मिनिटं नुसता काळा पडदा, मला वाटलं मोबाइल बंद पडला. केशवरावांचं वय चुकलंय. देवल क्लबचा उल्लेखसुद्धा नाही. त्या थेटरात आमच्या पिढीनं ऑर्केस्ट्रे ऐकलेत, त्यातलं एक माणूस नाही, लाइटवाला नाही, पडदा ओढणारा नाही. सगळे खुर्चीत बसलेले पांढरे केसच बोलतायत.’

आधी चूक कबूल करते. ज्यांचं नाव या थेटराला आहे त्या गायक-नट केशवरावांचा जन्म 9 ऑगस्ट 1890 चा आणि निधन 4 ऑक्टोबर 1921 ला. म्हणजे पूर्ण झालेली वर्षं 31. माहितीपटात पडद्यावर येणाऱ्या पट्टीवर ‘वय 32’ गेलं आहे. मी चालू वर्ष धरलं होतं, पण मग ‘बत्तिसाव्या वर्षी’ असं लिहायला हवं होतं. तुमचं बरोबर, माझं चुकलं. दुरुस्त करून फाइल पुन्हा चढवतेय. 1921 मध्येच 8 जुलैला मुंबईत बालगंधर्वांबरोबर संयुक्त ‘मानापमान’चा प्रयोग करून तीन महिन्यांच्या आत हा माणूस गेला. त्यामुळे त्यांच्या वयाचं एकेक वर्ष मोलाचं आहे, हे मलाही पटतं.

देवल क्लबबद्दल एवढंच म्हणेन की ती कोल्हापुरातली 1883 पासूनची गाण्याची संस्था आहे. जयपूर घराण्याच्या अल्लादियाँ खाँसाहेबांच्या गाण्यानं जे कोल्हापूर घडलं, त्याची गोष्ट मधेच दोन वाक्यांत कोंबली असती तर तुम्हीच नावं ठेवली असती. तो वेगळा विषय आहे.

ऑर्केस्ट्र्याचंही तेच. माझा माहितीपट 52 मिनिटांचा आहे आणि तो या थेटरातल्या नाट्यसंगीताबद्दल आहे. बाबा स्वतः ऑर्केस्ट्र्यात ढोलकी वाजवायचे, गणपतीच्या दिवसांत तर आमचं घर त्यावरच चालायचं, पण सगळंच एका ठिकाणी बसत नाही. कुठंतरी रेघ ओढावी लागते आणि ती मी ओढली.

आता ते वाक्य. ‘आग लागेपर्यंत तुमचा कॅमेरा कुठं होता?’

प्रश्न विचारायला माझी ना नाही. पण तुम्ही उत्तराची वाट बघितली नाहीत. लगेच पुढच्या वाक्यात निकाल देऊन मोकळे झालात, ‘जळाल्यावर सगळ्यांनाच प्रेम येतं.’ आणि सुरुवात कशानं, तर ‘ताई’नं. आपल्याकडे ताई म्हटलं की तिचं ऐकून घ्यायची तयारी ठेवतात. चारचौघांत तोंडावर असं बोलला असता का? टोपणनावामागं बसून बोललात म्हणून ते मला जास्त लागलं. माझं नाव, फोटो, सगळं या पानावर आहे. तुम्ही कोण हे मला ठाऊक नाही. तरीही उत्तर देतेय, कारण हा प्रश्न विचारणारे तुम्ही एकटेच नसाल.

माझे बाबा उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये टर्नर होते. दिवसभर लेथ, संध्याकाळी तबला. प्रयोग असला की चार वाजता सुटायचे. घरी आले की मोरीत बसून लाकडाचा भुसा आणि सोडा घेऊन हात घासायचे. कटिंग ऑइल नखांत राहिलं आणि ते तबल्याच्या शाईला, म्हणजे मधल्या काळ्या गोलाला लागलं तर तबला बोलत नाही, म्हणायचे. घासून झाले की बोटं माझ्या नाकाजवळ आणायचे. ‘येतो का वास?’ मी नाही म्हटलं की मगच शर्ट बदलायचे. आई दवाखान्यात रात्रपाळीला असायची, त्यामुळे मलाही सायकलवर पुढं बसवून न्यायचे. मी सात-आठ वर्षांची असेन. मला घड्याळ कळायच्या आधी पहिली, दुसरी आणि तिसरी घंटा कळायला लागली होती.

माझी जागा डाव्या विंगेत, कपड्यांच्या लोखंडी ट्रंकेवर. पावसाळी हवेत तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, सैल पडून सुरातून उतरते हे तबलजीच्या घरातल्या पोराला सांगावं लागत नाही. आपल्याकडचा जुलै कसा असतो तुम्हाला माहीत आहे, घरातले कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. बाबा विंगेतल्या दिव्याच्या उबेला तबला धरायचे, मग मांडीवर घेऊन हातोडीनं बाजूचे लाकडी गठ्ठे ठोकायचे. शेजारी ऑर्गनवाले काळी चारची पट्टी दाबून धरायचे, पाय चालूच. चाटेवर, म्हणजे पुडीच्या कडेवर बोट, डोळे मिटलेले, आणि एका क्षणी दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून जायचे. ज्या दिव्याजवळ ते बसायचे तो सांभाळणारे लाइटचे काका मला लिमलेटची गोळी द्यायचे आणि पडदा उघडताना ‘डोळे मीट, धूळ जाईल’ म्हणायचे. त्या काकांचं नाव मी कधी विचारलं नाही. नांदी सुरू झाली की ट्रंकेच्या पत्र्यातून ठेका माझ्या पायापर्यंत यायचा. ते थेटर मी असं ओळखते. प्रेक्षकांच्या खुर्चीत बसून अख्खं नाटक बघितलं ते खूप उशिरा, कॉलेजात गेल्यावर.

बाबा 2016 मध्ये गेले. 2018 च्या जानेवारीत मी एक छोटा साउंड रेकॉर्डर घेतला. कॅमेरा घ्यायची ऐपत नव्हती. एका संगीत नाटकाच्या प्रयोगाला ओळखीनं लवकर आत गेले, प्रेक्षकांना सोडायच्या आधी. मधल्या रांगेत खुर्चीच्या हातावर रेकॉर्डर ठेवला आणि श्वास धरून बाजूला उभी राहिले. शूटिंगवाले याला रूम टोन म्हणतात. खोली रिकामी असली तरी तिला स्वतःचा आवाज असतो, आणि दोन खोल्यांचा आवाज कधीच सारखा नसतो. एडिटमध्ये दोन वाक्यांच्या फटी बुजवायला तो लागतो म्हणून दर ठिकाणी अर्धा-एक मिनिट घेऊन ठेवायची पद्धत आहे. मी चार मिनिटं घेतला. त्यात छतातली कबुतरं आहेत. शेजारच्या खासबाग कुस्ती मैदानाच्या बाजूनं कुणीतरी कुणाला तरी हाक मारतंय. स्टेजवर एक फळी सरकवल्याचा आवाज येतो आणि तो मागच्या भिंतीवर जाऊन परत येतो.

त्या चार मिनिटांतली दोन मिनिटं म्हणजे तुमचा तो काळा पडदा.

तिथं चित्र नाही, कारण माझ्याकडे चित्र नव्हतं. जुने फोटो लावता आले असते. आगीनंतरच्या भिंती तर सहज लावता आल्या असत्या. मी नाही लावल्या. जे माझ्याकडे आगीच्या आधीपासून होतं ते मला तसंच, त्यावर काही न चिकटवता द्यायचं होतं. तुम्हाला मोबाइल बंद पडल्यासारखं वाटलं, म्हणजे आवाज बंद ठेवून बघत होता का?

2018 मध्येच मी शूटिंगच्या परवानगीसाठी अर्ज केला. कुठल्या कार्यालयात ते इथं लिहीत नाही. पाच खेपा घातल्या. बॅनर कुठला, निर्माता कोण, चॅनल कुठलं, असे प्रश्न झाले. घरचंच करतेय म्हटल्यावर पूर्ण दिवसाचं भाडं भरा म्हणाले. ते मला झेपणारं नव्हतं. पुढच्या पावसाळ्यात, ऑगस्ट 2019 मध्ये काय झालं ते कोल्हापूरकराला सांगायला नको. पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, पाणी गेलं 55 फुटांच्या वर. शाहूपुरीतल्या आमच्या तळमजल्यावर बाबांच्या 70 कॅसेट होत्या, प्रयोगांत विंगेतून टेप केलेल्या. पाणी उतरल्यावर चिखलातून एकेक काढली. कवच फोडायचं, टेप डिस्टिल्ड वॉटरनं धुवायची, सुती धोतरावर सावलीत सुकवायची, नव्या कवचात गुंडाळायची आणि एकदाच वाजवून लगेच कॉम्प्युटरवर घ्यायची, कारण दुसऱ्यांदा वाजेल याची खात्री नसते. एका कॅसेटला एक संध्याकाळ जायची. 70 मधल्या 11 वाचल्या. माहितीपटात जिथं जिथं खरखर ऐकू येते तिथं ही टेप आहे. ती खरखर काढून टाकणारी सॉफ्टवेअर मिळतात, मी वापरून बघितली. खरखरीबरोबर बाबांच्या बायाँची, म्हणजे डग्ग्याची घुमारही निघून जाते. म्हणून राहू दिली.

मग कोरोना, थेटरं बंद.

आणि 2022, 2023. या दोन वर्षांत माझ्याकडे कॅमेरा होता. बसवायला स्टँड होता, कॉलर माइक होते, एक मदतीला येणारा भाचा होता. त्या दोन वर्षांत मी तिथं एक फ्रेमसुद्धा शूट केली नाही. तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर हवं असेल तर ते हे आहे: कॅमेरा घरी कपाटात होता. पुन्हा त्या खेपा घालायचा कंटाळा केला. आणि मनात असं की ते कुठं जाणार आहे? 14 ऑक्टोबर 1915 ला शाहू महाराजांच्या काळात पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेली वास्तू. शेजारचं खासबाग मैदान त्याच्याही आधीचं, 1912 चं. आपण जन्मलो तेव्हा ते होतं, आपण गेल्यावरही असणार, असंच धरून चाललो होतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा फोटो आपण रोज काढतो का? तो नाही काढला म्हणून माया नव्हती, असं कुणी म्हणालं तर तुम्हाला चालेल?

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री मी खासबागेच्या बाजूला गर्दीत उभी होते. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. माझ्या शेजारी एक बाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या आणि पुनःपुन्हा म्हणत होत्या, ‘छत गेलं, छत गेलं.’ माझ्या पर्समध्ये मोबाइल होता. मी तो बाहेर काढला नाही, माझा हात गेला नाही. माहितीपटात आगीची जी दृश्यं आहेत ती दुसऱ्यांनी घेतलेली, त्यांच्या परवानगीनं वापरलेली आहेत. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर रात्री एडिटची टाइमलाइन उघडून मी मोजली. आग आणि जळालेल्या भिंती मिळून 3 मिनिटं 40 सेकंद. 52 मिनिटांत एवढंच. त्यावर कुणी रडलं असेल तर ते त्यांचं रडणं आहे, मी ओढून आणलेलं नाही. ‘जळाल्यावर प्रेम येतं’ हे मला म्हणालात ते एकवेळ सोडून देईन. पण त्या रात्री रस्त्यावर जी माणसं उभी होती त्यांनाही तुम्ही त्यात ओढलंत. हे बोलायला नको होतं.

माझाही एक प्रश्न आहे. तिकीट काढून संगीत नाटक तुम्ही शेवटचं कधी बघितलंत? 2023 च्या डिसेंबरात मी एका प्रयोगाला गेले होते. मागच्या सहा रांगा रिकाम्या होत्या. गायिकेनं पद संपवलं, वन्समोअर आला, पण इतका विरळ की तिनं क्षणभर वाट बघून पुढचं वाक्य घेतलं. पेठेतले सगळे प्रेक्षक त्या दिवशी कुठं होते, असं मीही विचारू शकते.

पांढऱ्या केसांचं राहिलं. त्यातल्या एक आजी 84 वर्षांच्या आहेत. बोलताना त्यांना धाप लागते. मधे दोनदा कॅमेरा बंद करून पाणी द्यावं लागलं. त्या खुर्चीत बसल्यात कारण त्यांना उभं राहता येत नाही. ज्यांनी ऐकलंय तेच सांगणार ना?

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. वयाची पट्टी शनिवारपर्यंत बदललेली दिसेल. काळा पडदा आहे तसाच राहील. एकदा हेडफोन लावून ऐका. 1 मिनिट 10 सेकंदांच्या आसपास विंगेतून कुणीतरी तबल्यावर एकच थाप मारतं आणि हळूच काहीतरी म्हणतं. नंतर पावलं मागच्या दाराकडं जातात. कलाकार तेव्हा आलेले नव्हते, त्यामुळे ते तिथल्याच कामाच्या माणसांपैकी कुणीतरी असणार. मी तो तुकडा कितीदा ऐकला त्याला गणती नाही, पण आवाज कुणाचा ते ओळखता आलं नाही. तुम्ही तिथं इतकी वर्षं ऐकलंय म्हणता, तर तुम्हाला ओळखू येतो का बघा, आणि आला तर नाव कळवा.