बारा पॉइंट पाच

रावेरच्या मामांना केळीच्या हिशेबाचा प्रोग्राम करून देतो, असं मी दिवाळीत शेवभाजीच्या तिसऱ्या वाटीला बोलून गेलो. जेवत्या माणसाचा शब्द कुणी धरत नाही. मामांनी धरला.

पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत दहा ओळी. वजन विचारायचं, भाव विचारायचा, गुणाकार छापायचा. पहिल्याच दिवशी मामांनी मराठी आकडे टाइप केले. आता प्रोग्राम बोंबलणार, म्हणून मी डोळे मिटले. पण पायथनला आपले देवनागरी आकडेही कळतात! ही सोय मीच केलीय, असा चेहरा करून मी जळगावला परतलो.

आठव्या दिवशी फोन. "भाच्या, व्यापाऱ्यानं माले पावणेसातशेनं बुडवलं. भांडून आलो मी."

माल बारा क्विंटल पाच किलो, भाव क्विंटलला दीड हजार. व्यापाऱ्याचे झाले १८,०७५ आणि माझ्या प्रोग्रामचे १८,७५०. मामांनी टाइप केलं होतं १२.५. बारा क्विंटल, टिंब, पाच किलो.

"मामा, पाच किलो म्हणजे पॉइंट शून्य पाच. तुम्ही लिहिलं ते साडेबारा झालं."

"टीव्हीवर बारा पॉइंट पाच ओव्हर म्हंजे साडेबारा ओव्हर व्हते का रे?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही. व्यापाऱ्याची माफी मागायला मात्र मलाच जावं लागलं.

आत जाणाऱ्या आकड्यांची ही तऱ्हा, तर बाहेर येणाऱ्यांची वेगळीच. ०.१ आणि ०.२ क्विंटलची बेरीज आली ०.३, त्यापुढे पंधरा शून्यं आणि शेवटी एक ४. मशीन शून्य आणि एक यांतच मोजतं, त्याला एक दशांश नेमका मांडता येत नाही, जसा आपल्याला दशांशात एक तृतीयांश येत नाही, असं मी समजावलं. मामा म्हणाले, "मंग हे चार कोनाच्या खात्यात टाकू?" दशांशापुढे दोनच घरं छाप, असं सांगून मी ते चार झाकले. मग हंगामाची बेरीज १,२४५,३०० अशी आली. स्वल्पविराम दर तीन आकड्यांनी, साहेबाच्या पद्धतीनं! लाख शोधताना मामांचा चष्मा दोनदा पुसून झाला. पावतीतले रकानेही वाकडे, कारण 'केळी' आपल्याला दोन अक्षरं दिसते, पायथन काना-मात्रा-वेलांट्या सुट्या मोजून चार म्हणतो.

शेवटी वजनाला दोन वेगळ्या चौकटी केल्या, क्विंटलची एक आणि किलोची एक. टिंबाचा विषयच संपवला. मामांनी पहिलीत १२ टाकले. दुसरीत टाइप केलं, '५ फक्त'.

प्रोग्राम तिथंच आडवा पडला.

"मामा, 'फक्त' कशाला?"

"पुढे कोनी शून्य चिकटवलं तर?"