एक्स्टर्नल ड्राइव्हवरचा बॅकअप घालवण्याची खात्रीशीर पद्धत

डेटा उडाला की लोक लगेच "आपोआप गेला" म्हणतात. आपोआप काही जात नाही हो. नीट मन लावून, समोर येईल त्या वॉर्निंगला ओके म्हणत म्हणत तो घालवावा लागतो, आणि ज्यांना हे अजून जमलेलं नाही त्यांच्यासाठी हा उपद्व्याप.

तर आधी ड्राइव्ह. एकच घ्या. लॅपटॉपची सी ड्राइव्ह लाल दिसायला लागली की सगळे फोटो, थिसिस, हिशेबाच्या फायली, जुन्या मोबाइलमधले व्हिडिओ असं सगळं उचलून एक्स्टर्नलवर कट-पेस्ट करायचं, फोल्डरला नाव द्यायचं 'बॅकअप', त्याच्या आत 'बॅकअप नवीन', त्याच्याही आत 'बॅकअप नवीन फायनल', आणि लॅपटॉपवर काही उरलं नाही याची खात्री करून निवांत झोपायचं. पीटर क्रोग नावाच्या एका फोटोग्राफरने ३-२-१ असा नियम सांगून ठेवलाय, म्हणे तीन प्रती ठेवा, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. असतो काही लोकांना वेळ. आपण १-१-० वाले, लक्षात ठेवायला पण सोपं.

आता ही ड्राइव्ह जिथे जाल तिथे लावत सुटा. ऑफिसचा पीसी, मित्राचा लॅपटॉप, प्रिंट काढायला गेलात तर तिथलं ते सार्वजनिक मशीन. घरी असताना चोवीस तास लावूनच ठेवा, म्हणजे उद्या रॅन्समवेअर (फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस) आलंच तर बिचाऱ्याला शोधाशोध नको. २०१३ च्या क्रिप्टोलॉकरपासून ही मंडळी जोडलेल्या ड्राइव्हसुद्धा कुलूपबंद करतात, कुणालाही वगळत नाहीत.

एवढं केलंत की एक दिवस ड्राइव्ह उघडल्यावर तुमच्या प्रत्येक फोल्डरच्या जागी त्याच नावाचा शॉर्टकट दिसेल, कोपऱ्यात छोटा बाण, साइज १ केबी. हा शॉर्टकट व्हायरस. हा तसा बराच सभ्य प्राणी आहे, फायलींना हात लावत नाही, फक्त खरे फोल्डर हिडन आणि सिस्टिम असे दोन शिक्के मारून लपवतो आणि पुढे हे शॉर्टकट मांडून बसतो, क्लिक केलं की आधी तो चालतो आणि मग फोल्डर उघडतो. अँटिव्हायरसने स्कॅन केलं की शॉर्टकट जातात (जायलाच हवेत) आणि ड्राइव्ह उघडली तर एकदम रिकामी, पांढरीफटक. हीच ती वेळ! आता घाबरा. अजिबात प्रॉपर्टीज उघडून बघू नका, कारण तिथे ५०० जीबीच्या ड्राइव्हवर ४०० जीबी वापरलेली दिसेल आणि रिकामी ड्राइव्ह एवढी भरलेली कशी असा नसता प्रश्न डोक्यात येईल. फारच चैन पडत नसेल तर 'हिडन आयटम्स' वर एक टिक करून बघा, तरी काही दिसणार नाही, कारण सिस्टिमचा दुसरा शिक्का शिल्लक आहे आणि त्यासाठी 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' वरची टिक काढावी लागते. ती काढू नका. कमांड प्रॉम्प्टमध्ये अ‍ॅट्रिब नावाची एक ओळीची कमांड हे दोन्ही शिक्के पुसते, तिच्या तर वाटेलाच जाऊ नका. काखेत कळसा असला तरी गावाला वळसा घालायची आपली परंपरा आहे, सरळ फॉरमॅट मारा.

तुमच्या नशिबात एवढा सभ्य व्हायरस नसेल तर फुल स्कॅन. रात्री लावायचा, झोपायचं, सकाळी डोळे चोळत यायचं. समोर दोनशे-अडीचशे ओळींची लाल यादी असते, प्रत्येक ओळीत फाइलचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो, तो वाचत बसलात तर संपलंच. कारण वाचलं तर कळेल की यातली एक 'धोकादायक' फाइल म्हणजे तुमच्या सगळ्या कॉलेजची भलीमोठी झिप आहे, तिच्या पार आतल्या कोपऱ्यात एका गेमचा कुठला तरी जुना क्रॅक पडलाय आणि त्या एकट्यापायी अख्खी झिप आरोपी आहे. किंवा मेलची फाइल, काही मेल प्रोग्राम अख्खा इनबॉक्स एकाच फायलीत ठेवतात, त्यात कधीकाळी आलेली 'इन्व्हॉइस' नावाची एक अटॅचमेंट असते, आणि अँटिव्हायरसला ती उपटून काढता आली नाही तर तो इनबॉक्सच उचलतो. तेव्हा वाचू नका. सिलेक्ट ऑल, डिलीट.

क्वारंटाइन नावाचं बटण शेजारीच असतं पण ते भित्र्या लोकांसाठी. त्यात फाइल बाजूला बंद करून ठेवतात आणि निरपराध निघाली तर रिस्टोअर करता येते, म्हणजे आपली सगळी मेहनत वाया. अँटिव्हायरसने न विचारता क्वारंटाइनमध्ये टाकल्याच असतील फायली, तर तिथे जाऊन 'रिमूव्ह ऑल' करा, तेवढीच जागा मोकळी.

आणि कुणी म्हणालं की अहो अँटिव्हायरसचंही चुकतं कधीकधी, तर हसा. २१ एप्रिल २०१० ला मॅकअ‍ॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीचीच एसव्हीसीहोस्ट ही फाइल व्हायरस ठरवली आणि जगभर कॉम्प्युटर पुन्हापुन्हा रीस्टार्ट होत बसले, सप्टेंबर २०१२ मध्ये सोफोसने तर स्वतःच्याच अपडेटरला पकडलं. स्वतःला न ओळखणारा तुमच्या थिसिसमधला मॅक्रो (फायलीच्या आतला छोटासा प्रोग्राम) मात्र बरोब्बर ओळखेल, विश्वास ठेवा.

डिलीट झालं? छान. पण काम संपलेलं नाही, इथेच बरेच लोक ढिले पडतात. डिलीट म्हणजे बहुतेक वेळा फक्त 'ही जागा आता रिकामी समजा' अशी नोंद होते, डेटा तसाच पडून असतो, त्याच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. (एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिप असलेली ड्राइव्ह असेल आणि ट्रिम ही डिलीट केलेली जागा पुसायची सोय चालू असेल तर ती तुमच्या वतीने साफसफाई उरकून टाकते, तुम्ही भाग्यवान.) साध्या हार्ड डिस्कवाल्यांनी मात्र लगेच कामाला लागायचं. ड्राइव्ह काढून बाजूला वगैरे ठेवायची नाही. आधी रिसायकल बिन तीनदा उघडून बघा, तिथे काही नसणार. मग चेकडिस्क ही विंडोजची डिस्क दुरुस्त करायची कमांड मारा. मग एखादं रिकव्हरी सॉफ्टवेअर उतरवा आणि ते त्याच ड्राइव्हवर इन्स्टॉल करा, आणि ते विचारेल की सापडलेल्या फायली कुठे ठेवू, तर तिथेही तीच ड्राइव्ह दाखवा. एका फोटोला वाचवताना दुसऱ्या चार फोटोंच्या छातीवर नेऊन बसवायचं, इतकी सोय दुसरीकडे कुठे आहे.

एवढं करूनही एखादा शहाणा भाचा येतो, ड्राइव्ह स्वतःच्या मशीनला लावतो, फोटोरेक फुकट मिळतं ते चालवतो आणि फायली दुसऱ्या डिस्कवर काढतो. हताश होऊ नका. फोटोरेक फायलींच्या आतली खूण बघून त्या शोधतं, त्यामुळे मूळ नावं आणि फोल्डर परत येत नाहीत. 'ताईचं लग्न' होतं तिथे एक इंग्रजी अक्षर आणि पुढे सात-आठ आकडे, अशा हजारो फायली, त्यात फोटो किती, फोटोंचे थंबनेल किती आणि कुठल्या तरी जुन्या सॉफ्टवेअरचे आयकॉन किती हे एकेक उघडूनच कळणार. दोन संध्याकाळी बसाल, मग कंटाळाल, मग म्हणाल ठेवू असंच, नंतर कधीतरी लावू.

अरे हो, ३१ मार्चला जागतिक बॅकअप दिन असतो, २०११ पासून चालू आहे, म्हणजे एप्रिल फूलच्या बरोब्बर आदल्या दिवशी. त्या दिवशी स्टेटस टाका आणि नवीन ड्राइव्ह मागवा. आली की भाच्याने काढून दिलेलं सगळं तिच्यात हलवा. कॉपी करत बसू नका, वेळ जातो. कट मारा.