‘अंक पडून राहिला’ म्हणे!

मालवणातल्या माझ्या भाचीने स्वतः शिवलेल्या अनारकलीचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि दहा मिनिटांत काढला. मधल्या वेळात एका नातेवाइकांचा फॉरवर्ड येऊन पडला होता. मग तोच फोटो परत आला, फिल्टर मारून. चेहरा पिठासारखा आणि ड्रेसचा मोरपिशी पार फिक्कट निळा. विचारलं तर म्हणते, “मामा, पयलो फोटो काळो इलो.”

फॉरवर्डचं म्हणणं असं: एडवर्ड एनिनफुल काळ्या कातडीच्या जोरावर ब्रिटिश ‘व्होग’ या फॅशन मासिकाचा संपादक झाला, फक्त काळ्या बायका छापल्या, शेवटी हाकलला गेला. वर तळटीप, सावळ्या रंगावर कपडा खपत नाही, इटलीतला २००८ चा अंक पडूनच राहिला.

तळटिपेपासूनच धरतो, पोरीला लागली ती तीच. जुलै २००८ चा इटालियन ‘व्होग’, संपादक फ्रांका सोत्झानी. मुख्य फॅशनची पानं कृष्णवर्णीय मॉडेल्सची, मुखपृष्ठं चार, त्यातल्या एकावर नेओमी कॅम्पबेल. पडून राहिला? अहो, संपला! अमेरिकेसाठी ३०,००० आणि ब्रिटनसाठी १०,००० जादा प्रती छापाव्या लागल्या. आमच्या बाजारात उरलेले बांगडे खारवतात, दुसऱ्या दिवशी दुप्पट मागवत नाहीत.

एक मात्र नाइलाजाने कबूल करतो. त्याच अंकातल्या जाहिरातींत बहुतेक गोऱ्याच बायका होत्या. जाहिरातदार कचरले, गिऱ्हाइकाने अंक उचलले.

‘कातडीच्या जोरावर’? घानात जन्मलेला, लंडनमध्ये वाढलेला हा एनिनफुल १८ व्या वर्षी ‘आय-डी’ मासिकाचा फॅशन डायरेक्टर होता. ब्रिटिश ‘व्होग’ हाती आलं २०१७ मध्ये. मधलं पाव शतक काय झोपला होता? त्याची आई शिवणकाम करायची, तिच्या हाताखाली तो कापड ओळखायला शिकला. हे सांगितलं तेव्हा भाचीने पहिल्यांदा मोबाइलमधून मान वर काढली.

‘फक्त काळ्या बायका’ म्हणणाऱ्यांनी २०२० मधलं ८५ वर्षांच्या गोऱ्या ब्रिटिश अभिनेत्री जूडी डेंच यांचं मुखपृष्ठ बघावं. त्याच वर्षी जुलैत, कोविडच्या दिवसांत, रेल्वेचालक, सुईण आणि सुपरमार्केटमधली कामगार अशा तिघी मुखपृष्ठांवर होत्या.

आणि ‘हाकलला’ म्हणाल, तर पद सोडणार हे २०२३ मध्येच जाहीर झालं, ‘व्होग’चंच सल्लागारपद घेऊन. शेवटचा अंक मार्च २०२४ चा, मुखपृष्ठावर ४० बायका.

भाचीने मूळ फोटो ग्रुपवर अजून टाकलेला नाही. मला तेवढा पाठवलाय. त्यात मोरपिशी मोरपिशीच दिसतो.