आधी पोराला खेळू द्या, क्लबचं नाव नंतर बघू

क्रोएशियाचा डिफेंडर योश्को ग्वार्दिओलचं नाव काढलं की कमेंटमध्ये अजूनही तीच क्लिप येऊन पडते. 2022 च्या कतार वर्ल्डकपची सेमीफायनल, अर्जेंटिनाविरुद्ध, 69 वं मिनिट, मेस्सी उजव्या टचलाइनवरून निघालाय, हा त्याच्या पाठीला चिकटलेला, मेस्सी थांबतो, वळतो, परत निघतो, याला पार गोललाइनपर्यंत नेतो आणि आत अल्वारेझला पास, 3-0. आपल्याकडे रात्रीचे दोन वाजले होते आणि मला त्या मास्कवाल्या पोरासाठी खरंच वाईट वाटत होतं. वीस वर्षांचा होता हो तो! वर्ल्डकपच्या तोंडावर त्याच्या तेव्हाच्या जर्मन क्लबच्या, लाइपझिगच्या मॅचमध्ये स्वतःच्याच टीममेटशी टक्कर होऊन नाक मोडलेलं, म्हणून तो काळा मास्क. चारच दिवसांनी मोरोक्कोविरुद्ध 7 व्या मिनिटाला पेरिशिचने डोक्याने फिरवलेल्या बॉलवर झेप घेऊन यानेच हेडर मारला, क्रोएशिया तिसरा आला. ती क्लिप मात्र कोणी टाकत नाही.

पण मला बोलायचंय ते त्याआधीच्या वर्षांबद्दल, कारण हा प्लेयर तिथे घडला.

झाग्रेबचा पोरगा, जन्म 2002 चा, वडील मासळी विकायचे. लहानपणापासून तिथल्याच दिनामो क्लबच्या अकॅडमीत, पण ऐन वयात तिथे त्याला खेळायलाच मिळेना, इतकं की फुटबॉल सोडून बास्केटबॉलकडे वळावं असं मनात आलं होतं, हे त्याने स्वतःच मुलाखतीत सांगितलंय. आज जगातल्या सगळ्यात महागड्या डिफेंडर्समध्ये ज्याचं नाव आहे तो पोरगा बेंचवर बसून बसून हातचा जाणार होता!

ऑक्टोबर 2019 मध्ये सिनियर टीममध्ये पदार्पण, वय 17. सप्टेंबर 2020 मध्ये लाइपझिगने साधारण 1 कोटी 60 लाख युरोंना घेतला आणि आख्ख्या सीझनसाठी लोनवर, म्हणजे उसना, दिनामोतच ठेवला. माझ्या मते त्याच्या करियरमधला सगळ्यात शहाणा निर्णय हाच. जर्मनीत जाऊन बेंच गरम करण्यापेक्षा तो घरच्या मैदानावर दर आठवड्याला खेळला, लीग आणि कप दोन्ही जिंकला, आणि मार्च 2021 मध्ये युरोपा लीगमधून इंग्लंडच्या टॉटनहॅमला 3-0 ने बाहेर काढणाऱ्या टीममध्येही होता. (त्याच आठवड्यात कोर्टात तुरुंगाची शिक्षा कायम झाली म्हणून दिनामोचा कोच मामिचने राजीनामा दिला होता, अशा गोंधळात ती मॅच जिंकली, ओर्शिचची हॅटट्रिक.) त्याच उन्हाळ्यात युरो कपमध्ये इंग्लंडविरुद्ध लेफ्टबॅक म्हणून थेट स्टार्टिंगमध्ये, वय 19.

आता त्याच दिनामोचा आलेन हलिलोविच आठवा. 16 व्या वर्षी सिनियर टीममध्ये, 2014 मध्ये 18 व्या वर्षी थेट बार्सिलोना, सगळे पुढचा मेस्सी म्हणत होते. खेळला कुठे तर बार्सिलोना बी या त्यांच्या राखीव टीममध्ये, मग हिहोन, हॅम्बुर्ग, लास पाल्मास, मिलान, पुढची यादी तर संपतच नाही. पोराचा डावा पाय अफलातून होता, मी आजही त्याच्या बाजूने भांडेन. घाई त्याच्या भोवतालच्या लोकांना होती आणि किंमत त्याने मोजली.

ग्वार्दिओल लाइपझिगमध्ये दोन सीझन खेळला, दोन्ही वेळा जर्मन कप जिंकला, आणि मग 2023 मध्ये मँचेस्टर सिटीने साधारण 9 कोटी युरो मोजले. तिथे गेल्यावर सेंटरबॅकचा लेफ्टबॅक केला तरी डगमगला नाही, एप्रिल 2024 मध्ये रेआल माद्रिदविरुद्ध बर्नाबेउवर उजव्या पायाने काय गोल मारला होता, आणि हा डावखुरा बरं का. इतक्या मॅचेस पायाखालून गेल्या की हा आत्मविश्वास आपोआप येतो.

म्हणूनच स्प्लिटच्या लुका वुश्कोविचकडे माझं लक्ष आहे. 2007 चा जन्म, तिथल्या हायडुक क्लबमधून टॉटनहॅमने 2023 मध्येच बुक केला, पण लोनवर आधी पोलंडमध्ये राडोमियाक, मग बेल्जियममध्ये वेस्टरलो, 2025 मध्ये हॅम्बुर्ग. सेंटरबॅक असून वेस्टरलोकडून लीगमध्ये 7 गोल केले पठ्ठ्याने! टॉटनहॅममध्ये एका इंज्युरीमुळे जागा रिकामी झाली की लगेच 'बोलवा त्याला परत' सुरू होतं. टॉटनहॅमवाल्यांनो, कृपा करा, नका बोलवू. खेळतोय तिथे सीझन पूर्ण करू दे त्याला.