पाकीटखातं

हाताने केलेल्या कार्डाला मान असतो. हाताने केलेल्या पाकिटाचीही मान असते, पण ती घेणारा पहिल्या झटक्यातच मुरगळतो. कार्ड मग कपाटाच्या काचेआड, टीव्हीशेजारी, निदान आरशाच्या चौकटीत खोचून महिनाभर मिरवतं. पाकीट मिनिटभरात केराच्या डब्यात. 'अय्या, किती गोड!' असं पाकिटाकडे बघून कुणी म्हटलेलं मी अजून ऐकलेलं नाही. आमच्याकडे कार्डं ताई करते आणि पाकिटं मी करतो, त्यामुळे या विषयावर मी तटस्थपणे बोलेन अशी आशा कुणी धरू नये.

ही वाटणी कधी झाली, कुणी केली, त्याचा काही ठराव वगैरे नाही. ताईला चित्रकला येते, रंग कळतात, कागदाच्या पट्ट्या गुंडाळून ती हुबेहूब शेवंती करते. मला पट्टी सरळ धरता येते. एवढ्या भांडवलावर मला पाकीटखातं मिळालं. एकदा मिळालेलं खातं आपल्याकडे मरेपर्यंत सुटत नाही, फक्त मंत्र्यांचं तेवढं बदलतं.

'तयार पाकिटं मिळतात की' असं आता कुणीतरी म्हणणारच. मिळतात. कागदाच्या मापांचं एक अतिशय शहाणं जग अस्तित्वात आहे. वाल्टर पोर्स्टमान नावाच्या जर्मन गृहस्थांनी घालून दिलेली मापं १९२२ साली तिकडे मानक झाली आणि आता जवळपास जगभर चालतात. ए-० म्हणजे एक चौरस मीटर कागद. तो अर्धा केला की ए-१, तो अर्धा केला की ए-२, असं करत करत ए-४, ए-५, ए-६. कितीही वेळा अर्धा करा, लांबी-रुंदीचं प्रमाण ढळत नाही. पाकिटांसाठी वेगळी सी मालिका. ए-६ कार्ड १०५ बाय १४८ मिलीमीटर, त्याचं सी-६ पाकीट ११४ बाय १६२. कार्ड अलगद आत जातं, अलगद बाहेर येतं, कुणाचं कुणाशी भांडण नाही. सगळं ठरलेलं. फक्त पोर्स्टमानसाहेबांना ताई भेटली नव्हती.

ताईच्या कार्डाचं माप फुलावर ठरतं. आधी फूल बसतं, मग त्याच्या बाजूला डोळ्यांना बरी वाटेल एवढी जागा सुटते आणि जिथे बरं वाटणं संपतं तिथे कात्री लागते.

"ताई, माप काय ठेवलंयस?"

"मापाचं काय घेऊन बसलास? रंग बघ ना कसे आलेत."

रंग छानच आलेले असतात. कार्ड १३१ बाय १५७ आलेलं असतं. सी-६ मध्ये ते जात नाही आणि सी-५ म्हणजे १६२ बाय २२९, त्यात ते इकडून तिकडे घरंगळत राहतं आणि पोचेपर्यंत चारही कोपरे मऊ करून घेतं. दोन मापांच्या मधल्या नेमक्या ओसाड पट्ट्यात कार्ड कापण्याची ही हातोटी दैवी आहे, एरवी इतकी अचूकता जमत नाही.

मग मी माप घेतो. कार्डाची उंची डावीकडे एक असते, उजवीकडे दुसरी. मोठी धरायची. लांबीत सहा आणि रुंदीत सहा मिलीमीटर सैल सोडायचं. हा हिशोब सपाट कार्डाचा. ताईच्या कार्डाला सपाटपणाचं वावडं आहे. शेवंतीची जाडी असते, बटणाची असते, रिबिनीच्या बोची तर विचारू नका, आणि जाडी पाकिटाची लांबीही खाते, रुंदीही खाते. ती धरून मी नवं माप लिहितो, कागद कापायला घेतो, तेवढ्यात आतून हाक येते, "थांब रे, याला एक फुलपाखरू राहिलंय." शिंप्याकडे माप देऊन गेलेलं गिऱ्हाईक कपडे शिवून होईपर्यंत अंगाने सुटावं, तसं हे कार्ड. शिंपी निदान दोन बोटं माया आत दुमडून ठेवू शकतो. कागदात माया नसते.

कागदाचं तर वेगळंच पुराण. ताईचा हट्ट असा की पाकीट कार्डाच्याच कागदाचं हवं, जोडी दिसली पाहिजे. कार्डाचा कागद तीनशे जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला तीनशे ग्रॅम वजनाचा. त्याची घडी घातली की घडीच्या कण्यावर रंग तडकतो, आतला पांढरा गर दिसतो आणि पाकीट चहूबाजूंनी पुन्हा उघडू बघतं. पाकिटाला शंभर-एकशेवीस जीएसएम पुष्कळ झाला. हे मी सांगितलं की ताई म्हणते, "पातळ कागद भिकार दिसतो." बरं, तिला मी कागदाच्या धाग्याबद्दल सांगायला गेलो. यंत्रावर तयार झालेल्या कागदात तंतू बहुतेक एकाच दिशेने पडलेले असतात. त्या दिशेने घडी घाला, सुरेख बसते. आडवी घाला, फुरंगटते. दिशा ओळखायला ताव न मोडता नुसता वाकवून बघायचा, ज्या बाजूने तो मुकाट वाकतो ती धाग्याची बाजू. ताईने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू ताव वाकवून ठेवलास, आता तो मला कार्डाला नको."

धाग्याचा हा प्रश्न पुढे आपोआप सुटला, त्याचं श्रेय भाचीला. भाचीला गणित आवडतं, ही गोष्ट घरात जरा दबक्या आवाजात बोलली जाते. माझी कापाकापी बघून ती म्हणाली, "मामा, चौरस कागद घे आणि पाकीट त्यावर तिरकं बसव, चौकटच्या पत्त्यासारखा कागद ठेवून. पाकिटाची लांबी अधिक रुंदी, भागिले १.४१४, अधिक दोन सेंटीमीटर. तेवढी कागदाची बाजू."

"दोन सेंटीमीटर कशाला?"

"चिकटवायला. नुसत्या भागाकाराने शेजारचे फ्लॅप एकमेकांना टेकतात, एकमेकांवर चढत नाहीत."

१.४१४ म्हणजे दोनाचं वर्गमूळ. पोर्स्टमानसाहेबांच्या कागदांच्या लांबी-रुंदीतही हाच आकडा बसलेला आहे, त्यामुळे मला क्षणभर आपण थोरांच्या पंगतीत बसल्यासारखं वाटलं. आणि धाग्याचं म्हणाल, तर तिरक्या पाकिटात चारही घड्या धाग्याला पंचेचाळीस अंशांनी छेदतात. सगळ्यांवर सारखाच अन्याय. तक्रारीला जागाच नाही.

करून बघितलं. ए-६ कार्ड, पाकीट १५.४ बाय ११.१, बेरीज २६.५, भागिले १.४१४, आले १८.७, त्यात दोन, झाले २०.७. ए-४ कागदाची रुंदी किती? २१! रुंदीत निम्म्या चिमटीएवढा कागद फक्त वाया. असं गणित सुटलं की माणूस देवभोळा होतो. दुर्दैवाने त्याच सुमारास ताईला चौरस कार्डं आवडू लागली. १५ बाय १५ चं कार्ड, पाकीट १५.६ चं, कागद हवा २४ सेंटीमीटरचा. ए-४ गेला केराच्या टोपलीत, आता ए-३ पासून सुरुवात. चौरस पाकिटावर टपालखात्यांचाही तसा लोभ नसतो. अमेरिकेत पत्राची लांबी उंचीच्या किमान १.३ पट लागते, चौरस पाकीट यंत्रावरून नीट जात नाही म्हणून वर जादा आकार घेतात. हे मी ताईला अगदी सौम्य आवाजात सांगितलं. ती म्हणाली, "मग अमेरिकेत पाठवू नको."

आता खाचेबद्दल सांगतो, कारण पाकिटाचं सगळं मर्म खाचेत आहे आणि ते कुणाला दिसत नाही. चिकटवण्यासाठी ते दोन सेंटीमीटर जास्त घेतले की घड्यांच्या रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे, कागदाच्या प्रत्येक बाजूवर, एक चिमुकला त्रिकोण उरतो. तो तसाच ठेवला तर घडी घालताना आत गोळा होतो आणि कोपरा फुगतो. म्हणून तो कापायचा. रिफिल संपलेल्या बॉलपेनने पट्टी धरून घड्यांच्या रेषा ओढायच्या, म्हणजे शाई न उमटता खोलगट चर पडतो, आणि त्या चरांच्या छेदबिंदूपर्यंत कटरचं टोक आणून थांबायचं. बिंदूच्या अलीकडे थांबलात तर कोपरा चुरगळतो. केसभर पुढे गेलात तर पाकिटाच्या कोपऱ्याला भोक पडतं. त्या भोकातून ताईने कार्डावर सढळ हाताने पेरलेली चमकी बाहेर येते आणि पोस्टमनच्या पिशवीतल्या सगळ्या पत्रांवर बसते. विजेचं बिल चमकताना पाहून कुणाला आनंद झाला असेल, तर तो माझ्या खात्यावर धरावा.

डिंक हा या व्यवसायातला सर्वांत बेभरवशाचा नोकर. पांढरा गोंद लावला की पातळ कागद पाणी पिऊन सुरकुततो. शिवाय तो वरून दाबला की आतल्या बाजूला ओघळतो, आणि मग कार्ड पाकिटाला जे धरून बसतं ते सुटत नाही. घेणाऱ्याला दोन्ही एकदमच फाडावी लागतात. माझ्या मते तोच खरा न्याय, पण ताईचं तसं मत नाही. म्हणून फ्लॅप चिकटवताना पाकिटात गुळगुळीत कागदाची पट्टी सरकवून ठेवायची, किंवा सरळ डबल टेप लावायची.

वरच्या झाकणाला मात्र ताईला 'खरा' डिंक हवा असतो, ओला करून चिकटवण्याचा. त्यासाठी बाभळीचा डिंक पाण्यात रात्रभर भिजवायचा, फडक्यातून गाळायचा, ब्रशने झाकणाच्या कडेला पातळ हात द्यायचा आणि वाळू द्यायचं. वाळताना तो आखडतो आणि झाकणं आतल्या बाजूला वळून बसतात. टेबलावर ओळीने मांडलेली पाकिटं अशी पाठ फिरवून बसली की घरात काहीतरी बिनसलंय असं वाटतं. दोन थेंब ग्लिसरीन घातलं तर आखडणं जरा कमी होतं. दमट हवेची गंमत वेगळी. डिंकाला हवेतलीच ओल पुरते आणि पाकिटं आपली आपण बंद होतात, आत काहीही नसताना. सकाळी उठून बघावं तर सगळा गठ्ठा सीलबंद. इतकी तत्परता मी कुठल्याच कार्यालयात पाहिलेली नाही.

अशा सकाळी मला मेसोपोटेमियातल्या लोकांचा हेवा वाटतो. चार हजार वर्षांपूर्वी त्यांची पत्रं मातीच्या पाट्यांवर असत आणि पाकिटंही मातीचीच. लिहिलेल्या पाटीभोवती ओल्या मातीचा थर लपेटायचा, कडा दाबून बंद करायच्या, झालं. माप नाही, खाच नाही, डिंक नाही. पाटी वाकडी असो की जाड, माती बिचारी सामावून घेते. उघडायचं तर पाकीट फोडावं लागे, म्हणजे पाकिटाच्या नशिबात तेव्हाही हेच होतं, पण निदान आवाज तरी होत असेल.

आणि इंग्लंडात तर १८४० पर्यंत बहुतेकांनी पाकिटाचं नावच घेतलं नाही, कारण टपालाचा दर कागदांच्या संख्येवर होता. पाकीट म्हणजे दुसरा कागद, म्हणजे दुप्पट खर्च. लोक पत्रालाच घड्या घालून, लाखेने बंद करून, पाठीवर पत्ता लिहून मोकळे होत. १८४० मध्ये दर वजनावर आला आणि पाकिटांचं पेव फुटलं, ते इतकं की पाच वर्षांत एडविन हिल आणि वॉरन द ला रू यांनी पाकिटांना घड्या घालणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. यातला एडविन हा टपाल सुधारणा घडवून आणणाऱ्या रोलंड हिल यांचा भाऊ. म्हणजे भावंडांपैकी एकाने नाव कमवायचं आणि दुसऱ्याने पाकिटं दुमडायची ही प्रथा तेव्हापासूनची आहे.

हा इतिहास मी ताईला सांगितला तो हेतुपुरस्सर. "आपणही कार्डालाच घडी घालून पाठवू. जुनी रीत आहे."

"आणि माझी शेवंती?"

"तिलाही घालू."

त्यानंतर ती संध्याकाळपर्यंत बोलली नाही. बोलली तेव्हा म्हणाली, "पाकिटाला आतून अस्तर लावशील का रे, फिकट जांभळं?"

अस्तराबद्दल मी काही लिहिणार नाही.

शेवटी मी तह मांडला. आधी लगीन पाकिटाचं, मग कार्डाचं. मी माझ्या मापाने, ए-४ च्या पोटातून निघणारं पाकीट आधी करून देणार, आणि त्यात बसेल असंच कार्ड ताईने करायचं. फुलपाखरासकट. मला वाटलं होतं आकाशपाताळ एक होईल, पण ताईने पाकीट हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं, खाचांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "छान झालंय रे. ठेव, बघते मी." इतक्या वर्षांत पाकिटाला मिळालेली ही पहिली दाद. मी त्या रात्री शांत झोपलो.

सकाळी टेबलावर पाकीट होतं. त्याच्या दर्शनी बाजूला जलरंगात गुलमोहर उतरला होता. झाकणाच्या कडेने सोनेरी रेघ. पत्त्यासाठी खाली ढगाच्या आकाराची कोरी जागा सोडलेली. कार्ड अजून सुरूही झालेलं नव्हतं.

"बघ, कसं दिसतंय?"

खरोखर सुंदर दिसत होतं. मी तसं म्हणालो, आणि कार्ड कधीपर्यंत होईल ते विचारलं.

"करते रे सावकाश. पण हे असं उघडं पोस्टात टाकायचं? शिक्के मारतील, ओलं करतील. याला वरून एक पाकीट कर ना, साधंसंच."

मी पट्टी घेतली. १५.४ आणि ११.१, दोन्हीकडे सहा मिलीमीटर सैल, १६ आणि ११.७. बेरीज २७.७, भागिले १.४१४, अधिक दोन. कागद हवा २१.६ सेंटीमीटरचा. ए-४ एकवीसच.