फाईल हातात होती, उघडायची तरी!

काल सकाळपासून डोकं फिरलंय. बाबांच्या छातीत डावीकडे दुखायला लागलं म्हणून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं. वय 68, बीपी, शुगर, 2 वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट. फाईल मी मुद्दाम बरोबर घेतली होती. डॉक्टरांनी ती टेबलाच्या कडेला सरकवली, बरगडीवर बोट दाबलं, "इथे दुखतंय ना? मसल पेन आहे," आणि कमरेत डायक्लोफिनॅक या पेनकिलरचं इंजेक्शन. दोन मिनिटांत मोकळे! ईसीजी नाही. दुखणं जबड्यात, हातात जातंय का, घाम आला का, जिना चढताना वाढतं का, एक प्रश्न नाही. वर कागदाच्या पुडीत 5 दिवसांच्या तीन रंगांच्या गोळ्या, नावाचा भाग कापलेला. या पुड्यांचा मला लहानपणापासून संताप आहे. आपल्या पोटात काय जातंय ते कळू नये?

दाबल्यावर दुखलं म्हणजे हृदयाचं नाहीच, असं कुणी सांगितलं? शुगरवाल्याला तर कधी कधी अटॅक येऊनही धड दुखत नाही.

तसंच हॉस्पिटलला नेलं. तिथे 10 मिनिटांच्या आत ईसीजी, ट्रोपोनिन (हृदयाला इजा झालीय का ते सांगणारी रक्ततपासणी), 3 तासांनी पुन्हा ट्रोपोनिन. ते 3 तास आई बाकावर एक शब्द न बोलता बसून होती. सगळं नॉर्मल आलं. आदल्या दिवशी बाबांनी भरलेला सिलिंडर ओढला होता, स्नायूच दुखावला होता. हेही तिथेच विचारलं गेलं.

भाऊ म्हणतो, मग डॉक्टर बरोबरच होते की. कसले बरोबर? हृदयाच्या पेशंटला डायक्लोफिनॅकने अटॅकचा धोका वाढतो. युरोपच्या औषध नियामकांनी 2013 सालीच अशा पेशंटना ते देऊ नका म्हणून सांगितलंय. बाबांची बीपीची गोळी म्हणजे टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं औषध एकत्र, त्यात हे पेनकिलर, म्हणजे किडनीवर तिहेरी मार. ॲस्पिरिन रोज चालूच, म्हणजे पोटात रक्तस्रावाची भीती. कुणी म्हणेल, "गॅसची गोळी दिलीय ना सोबत!" अहो, ती पोटाला सांभाळेल, हृदयाला आणि किडनीला कोण सांभाळणार? पॅरासिटामॉल आणि शेक, हॉस्पिटलने एवढंच दिलं.

आणि मेडिकलवाले! चिठ्ठीशिवाय विकायच्याच नाहीत अशा एसिक्लोफिनॅकच्या, म्हणजे त्याच जातीच्या पेनकिलरच्या, गोळ्या सुट्ट्या कापून देतात. माझी मावशी गुडघ्यांसाठी वर्षभर खात होती. रक्तातलं क्रिएटिनिन वाढेपर्यंत, म्हणजे किडनी बिघडेपर्यंत, कुणी हटकलं नाही. हे औषध दिलेली जनावरं मेल्यावर खाऊन गिधाडं मरतात म्हणून 2006 साली आपल्याकडे जनावरांच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली, योग्यच झालं. माणसाला टोचताना त्याची फाईल उघडायला काय जातं?

आज संध्याकाळी ईसीजी, रिपोर्ट आणि ती पुडी घेऊन त्याच दवाखान्यात नंबर लावणार आहे. फी भरून समोर बसणार, आणि दोन मिनिटांत उठणार नाही.