काळा दोरा काढला म्हणून विष जात नाही

आखाड लागला आणि आमच्या कराडच्या पाहुण्यांच्या ग्रुपवर तो मेसेज यंदाही आला. "कोळंबी-खेकडे म्हणजे समुद्राचे झाडूवाले. सगळं विष मांसात साठवतात. काळा दोरा काढा, हळद-मिठात उकळा, विष निघून जातं. त्यापेक्षा आपले ओढ्याचे खेकडे खा, एकदम शुद्ध!" खाली मामींनी हात जोडले होते, म्हणून तिथं गप्प बसलो. इथं बोलतो.

"सगळं विष मांसात." चूक. कॅडमियम हा विषारी धातू घ्या. तो खाण्यातून आणि कल्ल्यांतून अंगात शिरतो आणि मुख्यतः एका अवयवात जाऊन बसतो. यकृत आणि स्वादुपिंड, दोन्हींची कामं हा एकच अवयव करतो. तिथली खास प्रथिनं धातूला धरून ठेवतात, म्हणून खेकडा मरत नाही आणि साठा वाढत राहतो. खेकड्याची पाठ उचकटली की पिवळसर-हिरवट मऊ गोळा दिसतो ना, तो हाच. कोळंबीचा डोक्यात असतो. डीडीटीसारखी चरबीत मुरणारी रसायनंही इथंच, कारण चरबी इथं. नांगीच्या आणि शेपटीच्या मांसात कॅडमियम त्या मानानं फारच कमी. युरोपीय संघानं किलोला 0.5 मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे ती या पांढऱ्या मांसाला. गोळा त्यात धरलेलाच नाही.

पाऱ्याचं मात्र उलटं. तो मांसातच बसतो, कापून निघत नाही. पण कोळंबी जगते थोडे दिवस आणि खाते बारीकसारीक, त्यामुळे तिच्यात तो कमीच. भीती घालायचीच तर मोठ्या मुशीची, म्हणजे शार्कची घाला.

"काळा दोरा काढा." जरूर काढा, दाताखाली रेती येत नाही. ते आतडं आहे. जे पचून अंगात गेलं ते त्यात कसं सापडणार?

"उकळलं की निघून जातं." धातू जळत नाही, हळदीला तर भीतच नाही. उकळताना त्या गोळ्यातलं कॅडमियम थोडं पाण्यात उतरतं, हे खरं. पण आपण ते पाणी ओततो कुठं? बारीक नांग्या पाट्यावर वाटायच्या, पाणी घालून गाळायचं, तोच आपला रस्सा! माणसाच्या मूत्रपिंडात शिरलेलं कॅडमियम निम्मं व्हायला 10 ते 30 वर्षं लागतात.

"ओढ्याचे शुद्ध." त्यालाही तोच गोळा, तोही चिखलातच तोंड घालतो. डोंगरातल्या झऱ्याचा खेकडा वेगळा आणि उसाच्या फडातनं फवारणीचं पाणी उतरतं त्या ओढ्याचा वेगळा. पिशवीत दोन्ही सारखेच काळे दिसतात.

सुका जवळा डोक्यासकट खाल्ला जातो, आणि वाळल्यावर पाणी उडून वजनामागे सगळंच दाट होतं. पण चटणीला लागतो मूठभर, तेवढ्यानं कुणी घाबरू नये.

आमच्याकडे खेकडे अजूनही होतात. पाठ काढली की गोळा बोटानं खरवडून टाकतो, मग नांग्या वाटायला. रस्सा जरा पातळ लागतो, असं मामी म्हणतात.